रुग्णाशी बोलले

सावेडीतल्या फ्लेक्सच्या दुकानात सुकन्या शनिवारी सकाळी गेली ती आपले दोन फलक आणायला. हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात लावायचे होते ते. ‘औषधाच्या अभ्यासात भाग घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारा.’ मजकूर तिनंच लिहिला होता आणि तीनदा बदलला होता. दुकानदार आत काहीतरी कापत होता. मशीनमधून दुसराच कुठला तरी फ्लेक्स इंचाइंचानं बाहेर येत होता आणि ती उभ्या उभ्या तो बघत होती. आधी झेंडूच्या माळेची किनार आली, मग ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मग टोपी, मग कपाळ, मग डावी भुवई. भुवई मधोमध तुटलेली होती, जुन्या जखमेच्या खुणेनं. ती भुवई सुकन्यानं पाहिली होती. चेहरा पुरता बाहेर यायच्या आत तिला नाव आठवलं, आणि नावाच्याही आधी क्रमांक आठवला. एक्केचाळीस. कै. सहादेव खोसे. निधन सोमवार, १९ जानेवारी. दशक्रिया विधी बुधवार, २८ जानेवारी, सकाळी आठ वाजता.

आणि गुरुवारी, म्हणजे बावीस तारखेला, एक्केचाळीसच्या फायलीत, रुग्णांना फोन करणाऱ्या सविताच्या गोल अक्षरात नोंद झाली होती. सुकन्याला ती शब्दन् शब्द आठवत होती, कारण काल संध्याकाळी तिनंच त्याखाली तपासल्याची सही केली होती. ‘रुग्णाशी बोलले. तब्येत बरी. दम आधीपेक्षा कमी. गोळ्या नियमित चालू.’

“हा कुठला बोर्ड?” तिनं दुकानदाराला विचारलं.

“सोनईकडचा. पाव्हणे देऊन गेलेत काल. वळखीचे होते का?”

“नाही,” ती म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, आपण ‘नाही’ का म्हणालो.

रिक्षात दोन गुंडाळलेले फलक मांडीवर आडवे धरून बसताना तिनं आधी छापणाऱ्यावर संशय घेतला. तारीख चुकली असेल. फ्लेक्सवर काय वाट्टेल ते चुकतं, माणसाचं आडनाव चुकतं, जयंतीच्या जागी पुण्यतिथी होते. पण एकोणीस तारखेपासून दहावा दिवस बरोबर अठ्ठावीस येत होता. मोजणारानं मोजूनच दिलं होतं. मग चेहऱ्यावर संशय घेतला. त्या भागात खोसे पुष्कळ. पण भुवई तुटलेले खोसे किती असणार. नोव्हेंबरमध्ये सहादेव तिच्यासमोर बसला होता, पन्नाशीचा, खांदे वर करून श्वास घेणारा, आणि तिनं संमतीपत्र वाचून दाखवत असताना तो तिच्याकडे न बघता टेबलावरच्या कागदाकडेच बघत होता. वाचून झाल्यावर त्यानं फक्त एवढंच विचारलं होतं, “गोळ्या घरी न्यायच्या का हितं येऊन खायच्या?” घरी न्यायच्या, असं तिनं सांगितलं होतं. तेव्हा हा प्रश्न तिला साधाच वाटला होता. आता रिक्षात तो साधा वाटेना. एकदा संशय सुरू झाला की मागचं काहीच साधं राहत नाही, हे तिला बारा वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

ती बारा वर्षं पुण्यात गेली होती, औषध कंपन्यांच्या अभ्यासांचे कागद तपासण्यात. गावोगावच्या हॉस्पिटलांत जायचं, फायली काढायला लावायच्या, आणि कुठं खोटं लिहिलंय ते शोधायचं. एका ठिकाणी एकशे तीस रुग्णांच्या रक्तदाबाच्या आकड्यांत एकही विषम आकडा नव्हता. ते फक्त तिच्या लक्षात आलं. तिनं लिहून दिलं, चौकशी झाली, तिथला अजिनाथ नावाचा समन्वयक कामावरून गेला. तो घरी बसून आकडे भरत होता हे सिद्धच झालं. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. ती त्या वेळी बरोबर निघाली, आणि पुढं प्रत्येक फाईल उघडताना आपण पुन्हा बरोबर निघणार असं तिला आतून वाटत राहिलं. तशी सवय त्याही आधीची असेल. ती शिंगणापूरची. घराला दार नाही, चौकटीला पडदा, हे बाहेरगावच्या मुलींना नवल वाटायचं. कॉलेजात त्या विचारायच्या, मग भीती नाही वाटत? सुकन्याला सांगता यायचं नाही की दार नसलेल्या घरात आईची नजरच दार असते. आई भाकरी थापताना, निवडताना, झोपेतसुद्धा बाहेरच्या पावलांकडे कान लावून असायची. गावात चोरी होत नाही असं ती सगळ्यांना अभिमानानं सांगायची आणि पितळी डबा धान्यात पुरून ठेवायची. दोन्हीत तिला काही विसंगत वाटत नसे. सुकन्यालाही वाटलं नव्हतं, लहानपणी.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, पूर्वी चादरी ठेवायच्या त्या खोलीत ‘वैद्यकीय संशोधन सहाय्य कक्ष’ होता. नाव लांब आणि खोली छोटी. दोन वर्षांपूर्वी हृदयरोगाचे डॉक्टर वैजनाथ बडे यांनी तिला पुण्याहून बोलावून घेतलं होतं. त्यांना एका फार जुन्या, स्वस्त गोळीचा अभ्यास करायचा होता. हृदय कमजोर झालेल्या माणसांना नेहमीच्या औषधांबरोबर ती थोड्या मात्रेत दिली तर दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येते का, एवढाच प्रश्न. कुठल्याच कंपनीला त्या गोळीतून काही मिळायचं नव्हतं, म्हणून कुणी तो प्रश्न विचारत नव्हतं. “प्रश्न आमच्याकडे ढीगभर आहेत हो,” बडे सर तेव्हा म्हणाले होते, “पण विचारायचे कसे ते आम्हाला येत नाही. दिवसाला शंभर पेशंट बघायचे का फॉर्म भरायचे? ते तुम्ही उभं करा.” आणि तिनं ते उभं केलं होतं. इथल्या बोलीत संमतीपत्रं, नीतिसमितीचे अर्ज, कुलुपाचं कपाट, गोळ्यांच्या क्रमांक टाकलेल्या बाटल्या, महिन्याच्या महिन्याला रुग्णांना करायचे फोन. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरला नाही, तिलाही नाही. आता शस्त्रक्रियेचे एक डॉक्टर पायाच्या जखमांचा प्रश्न घेऊन येत होते, बालरोगाच्या बाई कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी लिहून घेऊन आल्या होत्या. चादरींची खोली हळूहळू भरत होती. एक खोटी नोंद बाहेर आली तर ती पुन्हा रिकामी होणार, हे कुणी तिला सांगायची गरज नव्हती.

सविता फोनवर होती. सुप्याहून रोज एसटीनं यायची ती. नवरा तिथल्या कारखान्यात. नर्सिंग झालेली, बोलायला मऊ, म्हाताऱ्यांशी तासन् तास बोलू शकणारी. म्हणूनच सुकन्यानं तिला फोनचं काम दिलं होतं. आत्ता तोच मऊपणा सुकन्याला दाराशी उभं राहून ऐकताना खोटा वाटला. “हां मामा, पायावर सूज न्हाई ना? बोट दाबून बघा बरं. मी थांबते.” आणि खरंच थांबली होती, पेन वर धरून. पलीकडे कुणी होतं का? सुकन्यानं फोनच्या काचेकडे बघितलं. आकडे पळत होते, फोन चालू होता. म्हणजे हा खरा. मग कुठले खोटे?

फोन संपल्यावर तिनं एक्केचाळीसची फाईल टेबलावर ठेवली.

“हे गुरुवारचं. कुणाशी बोललीस?”

सवितानं वाचलं. “पेशंटशीच. सहादेव खोसे. बोलले ना ताई.”

“ते सोमवारी वारलेत.”

सविताच्या चेहऱ्यावर काय येतंय ते सुकन्या बघत होती. बारा वर्षांत हे तिनं खूपदा पाहिलं होतं: आधी चेहरा कोरा होतो, मग माणूस कागदाकडे बघतो, मग बोलतो. सविताचा चेहरा कोरा झाला. तिनं कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, “मी बोलले त्यांच्याशी.”

“मेलेल्या माणसाशी?”

सविता काही बोलली नाही. ते गप्प राहणंही सुकन्यानं मनात टिपून ठेवलं.

“कपाटाची किल्ली दे. फोनपण ठेव इथं. तू आज घरी जा.”

“ताई, तुम्ही नंबर लावून बघा ना.”

नंबर लावून बघायला काय हरकत होती, हे सुकन्याला पुढं कितीदा तरी वाटायचं होतं. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात शिकलेलं होतं तेच आलं: आधी फोन केला की समोरचे सावध होतात. आणि खरं सांगायचं तर तिला गरजच वाटली नव्हती. सविता जुडग्यातून किल्ली काढत होती, कडी नखानं उघडेना, नख वाकलं, तरी तिनं मदत मागितली नाही. किल्ली टेबलावर ठेवून तिनं पर्स घेतली. दारात थांबून म्हणाली, “तुम्ही मला विचारलं नाही ताई. नुसतं सांगितलंत.” बाहेर औषध विभागातली दोन माणसं उभी होती. त्यांनी ऐकलं असावं.

तिनं बडे सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आधी नीट खात्री करून घ्या.” बास, एवढंच. हे वाक्य सुकन्याला दिवसभर सलत राहिलं. खात्री म्हणजे काय? पुढच्या शुक्रवारी सर पुण्यातल्या सभेत अर्ध्या अभ्यासाचे आकडे मांडणार होते. साठ रुग्णांत एक खोटा निघाला तर बाकीच्या एकोणसाठांवर कोण विश्वास ठेवील? तिला खात्री करून घ्यायला सांगताना त्यांच्या मनात वेळ काढायचा होता का? की त्यांना आधीच काही माहीत होतं? माणूस वारल्याचं कळल्यापासून चोवीस तासांत नीतिसमितीला कळवायचं, असा नियम. तो नियम तिच्या बाजूनं होता. तिनं सरांना परत न विचारता मेल लिहिला. रुग्ण क्रमांक एक्केचाळीस मृत. बावीस तारखेची दूरध्वनी नोंद बनावट असल्याचा संशय. संबंधित कर्मचारी सविता यांना कामावरून दूर केलं आहे. पाठवला, तेच फायलीतही लिहून ठेवलं, आणि तिला एकदम हलकं वाटलं. हे हलकेपण तिच्या ओळखीचं होतं. अजिनाथच्या वेळीही असंच वाटलं होतं.

रविवारी ती एसटीनं घोडेगावपर्यंत गेली आणि तिथून सोनईच्या रिक्षात बसली. शिंगणापूरला चाललेल्या परराज्यातल्या गाड्या पुढंमागं होत्या. माहेरच्या फाट्यावरून जाताना तिनं तिकडं बघितलं नाही. आईला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. सोनईच्या पुढं दोन-अडीच किलोमीटरवर खोशांची वस्ती, ऊस आणि कांद्याच्या मधोमध. ती चालत होती आणि मनात प्रश्नांचा क्रम लावत होती. कधी वारले, कुठं वारले, आधी काय त्रास झाला, गोळ्या किती उरल्या, हॉस्पिटलमधून फोन आला होता का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तो सहज विचारल्यासारखा विचारायचा. उत्तर तिला माहीतच होतं. ‘न्हाई ताई, कुनाचाच फोन न्हाई.’ ते कागदावर लिहून घ्यायचं, खाली अंगठा किंवा सही. हे उत्तर आपल्याला हवंय, असं तिला चालता चालता जाणवलं, आणि जाणवूनही तिचा पाय थांबला नाही.

अंगणात ताडपत्रीखाली चार-पाच बाप्ये बसले होते, सुतकातल्या वाढलेल्या दाढ्यांचे. सहादेवची बायको बनुबाई आत भिंतीला टेकून बसली होती. सुकन्यानं हॉस्पिटलचं नाव सांगितल्यावर तिनं पदर ओढून घेतला, आणि त्या ओढण्यात सुकन्याला काहीतरी दिसलं. भीती. दुःखापेक्षा ती वेगळी असते.

“कसं झालं?” तिनं विचारलं.

“पाटं उठले, पानी पिले, अन् बसल्या जागी कलंडले,” बनुबाई म्हणाली. “दवाखान्यात न्यायाला येळच न्हाई दिला.”

“गोळ्या घेत होते ना? आमच्या बाटलीतल्या?”

“घेत हुते.” बनुबाईची नजर अंगणात गेली आणि परत आली.

“बाटली बघू?”

“ती... गावली न्हाई. इकडंतिकडं झाली.”

“गुरुवारी आमच्याकडून फोन आला होता का?”

बनुबाई गप्प बसली. इथं ‘नाही’ यायला हवं होतं, आणि ते येत नव्हतं. सुकन्यानं पर्समधून कक्षाचा फोन काढला, काल सवितानं टेबलावर ठेवलेला, आणि एक्केचाळीसचा नंबर लावला. तिला वाटलं होतं फोन बंद असेल, नाहीतर घरात कुठं तरी फळीवर वाजेल. तो अंगणात वाजला. ताडपत्रीखालचा एक माणूस उठला, सदऱ्याच्या खिशातून फोन काढत चार पावलं उसाकडे गेला, आणि घराकडे पाठ करून उभा राहिला. सुकन्याच्या कानात आवाज आला, थोडा धापा टाकणारा, नोव्हेंबरमध्ये ऐकलेला. “हां ताई. सहादेव बोलतोय. बरं हाय आता. गोळी चालू हाय.”

फोनमध्ये आणि अंगणात एकच आवाज, पुढंमागं. अंगणातले बाकीचे लोक मातीकडे बघत होते. त्यांना माहीत होतं असंही वाटलं आणि नव्हतं असंही. “ताई? ऐकू येतंय का?” तो माणूस म्हणाला, आणि मग आवाज कुठून तरी मागून परत येतोय हे त्याच्या लक्षात आलं असावं, तो वळला. सुकन्या उंबऱ्यात फोन कानाला लावून उभी होती.

तो सहादेवचा धाकटा भाऊ, भागवत. त्यालाही ती ओळखत होती. नोव्हेंबरमध्ये दोघं भाऊ एकत्रच आले होते, दोघांनाही एकच आजार, आईकडून आलेला. सहादेवला तिनं अभ्यासात घेतलं होतं आणि भागवतला घेतलं नव्हतं. त्याच्या मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा मर्यादेच्या किंचित वर होता. तिनं यादीवर बोट ठेवून त्याला बाहेरच्या बाकावर सांगितलं होतं, तुम्ही यात बसत नाही. त्यानं विचारलं होतं, “एका आईच्या पोटचे आमी. त्याला बसतं अन् मला न्हाई?” ती म्हणाली होती, नियम आहे. का आहे ते सांगायला तिच्याकडे त्या दिवशी वेळ नव्हता. आत सव्वीस कागद भरायचे होते.

“निम्मी निम्मी खायचो,” भागवत आता सांगत होता. तो बाजेवर बसला होता आणि दोन वाक्यांमध्ये श्वास घेत होता. “दादाच म्हनला. म्हनला, मला येवडं दिलंय, तुला काईच न्हाई. पावशीनं कापायची गोळी. पयल्या दिसापासून. मला लई फरक पडला ताई. जिना चढाया लागलो. अन् दादा...” तो थांबला. “दादाला कमी पडली. माझ्यापायी.”

“आणि फोन?”

“आता समदी गोळी मीच घेतोय. मेला म्हनून सांगितलं आसतं तर बाटली मागितली आसती तुमी. ती फोनवाली बाई चांगली हाय. बोट दाबून बघा म्हनती. मी दाबून बघितलं.” तो खिशातून बाटली काढून तिच्यापुढं धरत म्हणाला, “घ्या. मला ठाव हाय मी खोटं बोललो.”

ती गोळी मूत्रपिंड खराब असलेल्या माणसाच्या अंगात साठत जाते. म्हणून तर तो नियम होता. साठली की आधी मळमळ, मग सगळं पिवळसर दिसायला लागतं, मग ठोके चुकतात. “मळमळतं का?” तिनं विचारलं. “कधी कधी.” “डोळ्यांना पिवळं दिसतं?” भागवतनं उसावरच्या दुपारच्या उन्हाकडे बघितलं. “थंडीच्या दिसांत ऊन पिवळंच आसतंय ताई,” तो म्हणाला. तिनं त्याचं मनगट हातात घेतलं. ठोके मोजताना ती दोनदा चुकली. मग बडे सरांना फोन लावला आणि सर एका वाक्यात म्हणाले, “बोलत बसू नका, घेऊन या. मी पोचतो.” त्या आवाजात वेळ काढण्यासारखं काही नव्हतं. कालही नसेल, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

शेजारच्या वस्तीवरची एक गाडी मिळाली. बनुबाई सुतकातली, तिनं उंबऱ्याबाहेर येऊ नये असं कुणीतरी म्हणालं, पण ती आली आणि मागं बसली. घोडेगाव मागं पडल्यावर बनुबाईच बोलली, पुढं बसलेल्या सुकन्याच्या मानेकडे बघून. “त्या दिशी तुमची बाई मला फोनवर म्हनली असती ना, की मालकांना द्या, तर मी खरं सांगितलं असतं. पन भावजींनीच उचलला. मला वाटलं, येका भावाचा जीव गेला, दुसऱ्याची गोळी कशाला तोडू.” सुकन्या समोर रस्त्याकडे बघत राहिली. फोनवर बोलणारा माणूस तोच आहे याची खात्री कशी करायची, हे तिच्या फॉर्ममध्ये नव्हतं. जन्मतारीख विचारा, घरचं कुणी जवळ असेल तर त्यांच्याशीही बोला, असा एक रकाना घालायला हवा होता. सवितानं एकदा सुचवलंही होतं, व्हिडिओवर चेहरा बघून बोलूया का ताई म्हणून, आणि ती म्हणाली होती, वस्त्यांवर रेंज नसते, वेळ जातो.

हृदयाचा आलेख निघाला, रक्त गेलं. रक्ताचा अहवाल पुण्याहून यायला दुसरा दिवस लागणार होता, आणि तोवर थांबायला बडे सर तयार नव्हते. कपाटात प्रत्येक रुग्णाचं एक बंद पाकीट होतं, त्यात गोळी खरी की बिनऔषधाची ते लिहिलेलं. जिवावर बेतलं तरच फोडायचं, दोघांच्या सहीनं. दोन वर्षांत एकही फोडलं नव्हतं. तिनं सविताच्याच किल्लीनं कपाट उघडलं. सरांनी पाकीट फाडलं, वाचलं, तिच्याकडे दिलं आणि खुर्चीत बसले.

बिनऔषधाची.

“म्हणजे त्याला काही होणार नाही,” सर म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “नेहमीच्या औषधांचं बघतो त्याच्या. तो माझा पेशंट व्हायलाच हवा होता. अभ्यासात बसत नाही म्हणजे आपल्याकडे बसत नाही असं आपण त्याला वाटू दिलं.” ते ‘आपण’ म्हणाले. सुकन्यानं ते ऐकलं.

भागवतला सांगायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. सर म्हणाले मी सांगतो, ती नको म्हणाली. तो खाटेवर उशीला टेकून होता, बनुबाई खाली फरशीवर. “त्या गोळीत औषध नव्हतं,” सुकन्या म्हणाली. “तुमच्या भावाला पूर्ण मिळाली असती तरी काही फरक पडला नसता. तुमच्यामुळं कमी पडली असं नाही.” तिला वाटलं होतं त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरेल. तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला, आणि त्या बघण्यात तिला स्वतःची नजर दिसली, फाईल उघडतानाची.

“म्हंजी तुमी आमाला पीठ दिलं,” तो म्हणाला. “अन् मंग मला फरक कसा पडला?”

“पडतो कधी कधी. बरं वाटेल असं वाटलं की.”

“दादाला म्हाईत हुतं? पीठ आसंल म्हनून?”

तिनं फाईल आणली. संमतीपत्राचं तिसरं पान काढून त्याच्या हातात दिलं. तो चौथी शिकलेला होता, बोट ठेवून हळूहळू वाचत गेला. ‘तुम्हाला मिळणारी गोळी औषधाची असेल किंवा बिनऔषधाची असेल. कुठली ते कुणालाच माहीत नसेल. हे मला समजले आहे.’ खाली सहादेवची सही होती, प्रत्येक अक्षर सुटं, एकेक करून मांडलेलं. भागवतनं सहीवरून अंगठा फिरवला. “मला बोलला न्हाई ह्ये,” तो म्हणाला. “निम्मी देताना कदी बोलला न्हाई.” बनुबाई खालून म्हणाली, “बोलले आसते तर तुमी घेतली नसती भावजी.” सुकन्या पान मागावं की नाही या विचारात उभी राहिली. तिनं ते मागितलं नाही. त्यानंच घडी न करता परत दिलं.

सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी होती. ती कक्षात जाऊन बसली आणि शनिवारच्या मेलची दुरुस्ती लिहिली. नोंद बनावट नव्हती. फोन खरा होता, बोलणं खरं होतं. कर्मचाऱ्याचा दोष नाही. दोष फॉर्मचा, फॉर्म माझा. हे लिहायला तिला दोन तास लागले. फाईलमध्ये शनिवारच्या पानावरही तसंच करायचं होतं. त्या धंद्यात लिहिलेलं पुसत नाहीत. एक आडवी रेघ मारायची, बाजूला सही आणि तारीख, आणि रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. तिनं पट्टी लावून रेघ मारली. ‘बनावट असल्याचा संशय. संबंधित कर्मचारी सविता.’ चांगलं स्वच्छ वाचता येत होतं. पुढं पंधरा वर्षं ही फाईल ठेवायची होती.

मंगळवारी सविता आली. सुकन्यानं रविवारीच तिला फोन केला होता, सगळं सांगितलं होतं, चुकलं म्हणाली होती. सविता पलीकडून “बरं ताई” म्हणाली होती, आणि ते बरं म्हणजे काय ते कळायला मार्ग नव्हता. आता ती नेहमीसारखी आली, डबा खिडकीत ठेवला, किल्ली जुडग्यात अडकवली. सुकन्या नवा फॉर्म घेऊन उठली, त्यात जन्मतारखेचा रकाना होता, घरच्यांशी बोलण्याचा होता. तो दाखवून ती म्हणाली, “तू सुचवलं होतंस. तुझंच आहे हे.” सवितानं वाचून मान हलवली. मग आपली खुर्ची सरकवून भिंतीशी नेली, तिच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवली आणि यादीतला पहिला नंबर लावला. फोनचा आवाज मोठा करून तो दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला.

“बसा ताई,” ती म्हणाली. “प्रत्येक फोन ऐका. मग सही करा.”

“तसं नको सविता. मला ऐकायची गरज नाही.”

“मला आहे,” सविता म्हणाली. आवाज तोच होता, मऊ.

पलीकडे घंटी वाजत होती. सुकन्या बसली. कुणीतरी म्हातारं माणूस खोकलं आणि म्हणालं, कोन बोलतंय.